सिंकखालचं जातं

गृहस्थाच्या घरात पाच कत्तलखाने असतात, असं स्मृतिकार सांगतात. चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांना पंचसूना म्हणतात. चुलीत लाकडातली किडामुंगी जळते, जात्यात सोंडे-टोके भरडले जातात, केरसुणीखाली आणि घड्याच्या बुडाखाली काही ना काही चिरडतं. मुद्दाम कोणी मारत नाही. पण घर चालवायचं म्हटलं की जीव जातो आणि त्याचं देणं घरधन्याच्या डोक्यावर चढतं. ते फेडायला रोजचे पाच यज्ञ सांगितले आहेत: शिकणं-शिकवणं, पितरांचं तर्पण, देवांना आहुती, भूतमात्रांना घास आणि दारी आलेल्याला जेवण. या विचाराचं मला फार मोल वाटतं, कारण तो माणसाला खोटा धीर देत नाही. तुझ्या हातून काही मरणार नाही, असं तो म्हणत नाही. तू देणेकरी आहेस एवढं सांगतो आणि हप्ते बांधून देतो.

हे सगळं यंदा एप्रिलात पुन्हा मनात आलं ते धाकट्या मुलाच्या सिंकखाली उताणा पडलो असताना. तो अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराला लागून असलेल्या वॉवटोसा गावात राहतो. मी जन्मभर आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो आणि गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यामुळे पाना आणि प्रवचन या दोन्ही गोष्टी माझ्या हाताला सवयीच्या आहेत. मुलाच्या सिंकखालचं खरकटं दळायचं जुनं यंत्र बुडातून गळत होतं, कपाटाची फळी पाणी पिऊन फुगली होती. तो प्लंबरला फोन करायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, नवं यंत्र तेवढं आणून दे, बसवतो मी.

काम अवघड नाही, पण क्रम चुकवून चालत नाही. आधी मेन बोर्डातला ब्रेकर पाडायचा आणि टेस्टर लावून खात्री करायची. इथे काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. काळीला न्यूट्रल समजण्यात ज्याचा जन्म गेला त्याला हे मनाशी घोकावंच लागतं. सिंकच्या भोकात बसणाऱ्या कॉलरखाली पुट्टीची करंगळीएवढी वळी गोल चिकटवायची, कॉलर वरून दाबायची आणि बाजूनं उतू आलेली पुट्टी बोटानं काढायची. मग खालून फायबरचं गास्केट, त्यावर धातूची रिंग, मग तीन स्क्रूंची रिंग आणि शेवटी सर्क्लिप. सर्क्लिप खाचेत बसली की टक् असा आवाज येतो, आणि तो ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. तीन स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे, एकच पुरा आवळला तर रिंग तिरकी बसते आणि महिन्याभरात पाणी झिरपायला लागतं. डिशवॉशरची नळी जिथे यायची तिथलं प्लास्टिकचं बूच यंत्र वर चढवण्याआधीच हातोडीनं पाडून काढायचं. एवढं झालं की ते धूड छातीवर घ्यायचं, वर उचलायचं आणि फिरवून रिंगच्या कानांत अडकवायचं. मुलानं खालून आधार दिला, नातीनं टॉर्च धरला.

चढवण्याआधी मी आत बोटं घालून पाहिलं. मिक्सरसारखी पाती असतील असं बहुतेकांना वाटतं, पण आत पातं नसतंच. एक सपाट पोलादी तबकडी, तिच्यावर सैल हलणारे दोन ठोकळे आणि भोवती दातेरी, न हलणारं कडं. तबकडी मिनिटाला साधारण १७२५ फेरे घेते, अन्न मध्यापासून बाहेर फेकलं जातं, कड्यावर घासलं जातं आणि पातळ होऊन पाण्याबरोबर खाली जातं. एक पाळ स्थिर, एक फिरती आणि मध्ये भरड. हे जातंच आहे, पंचसूनेतलं दुसरं. आमच्या आईच्या जात्यात दाण्याचं अन्न व्हायचं. या जात्यात अन्न घातलं की त्याचं अन्नपण जातं.

वायर जोडून मी बाहेर येतो तोच सून नातीचं ताट घेऊन उभी. ताटात अर्धा वरणभात तसाच. ती म्हणाली, "आबा, हे बसवलं म्हणजे टाकायला आपणच वाट करून दिली, असं नाही का होत? पिशवीत टाकताना निदान हात थबकतो, वास येतो, पिशवी जड लागते. यात थबकायला वेळच नाही."

मी तेव्हा काही बोललो नाही. प्रश्न खरा होता आणि खऱ्या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देऊ नये.

हे यंत्र ज्या गावात जन्मलं ते रॅसीन गाव इथून तासाभराच्या आत आहे, मिशिगन सरोवराच्याच काठी. तिथला वास्तुविशारद जॉन हॅम्स यानं १९२७ साली आपल्या बायकोच्या स्वयंपाकघरासाठी ते बनवलं. १९३५ साली त्याला पेटंट मिळालं, १९३८ साली 'इन-सिंक-इरेटर' ही त्याची कंपनी उभी राहिली. पुढे इंडियाना राज्यातल्या जास्पर या गावानं १९५० च्या सुमारास गावभर घरोघर ही यंत्रं बसवून घेतली. त्याआधी तिथे गावाचं खरकटं डुकरांना जायचं आणि त्यातून डुकरांत रोग पसरायचा. गावानं खरकटं द्यायचं थांबवलं, गाव स्वच्छ झालं, रोगाला आळा बसला. यात वाईट काही नाही. फक्त आजवर खरकट्याला कोणी तरी खाणारं होतं, ते मधून गेलं. न्यूयॉर्क शहरानं मात्र आपल्या जुन्या गटारांच्या काळजीनं घरांतल्या या यंत्रांवर बरीच वर्षं बंदी ठेवली होती, ती १९९७ साली उठली.

माझं लहानपण माण तालुक्यातलं, दुष्काळी भागातलं. आमच्या घरात टाकणं ही क्रियाच नव्हती. भाजीची देठं शेळीला, डाळ-तांदळाचं धुवण आणि खरकट्याचं पाणी म्हशीच्या आंबोणात, सांडलेले दाणे कोंबड्यांना, पहिली भाकरी गाईला, शेवटचा तुकडा कुत्र्याला. ज्याला कोणीच तोंड लावणार नाही ते उकिरड्यावर, आणि पावसाळ्याच्या तोंडाला उकिरडा गाडीत भरून शेतात. वडील जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवून बाजूला चार शितं ठेवायचे. ती शितं मुंग्या न्यायच्या. आई शिकलेली नव्हती, भूतयज्ञ हा शब्द तिनं कधी ऐकला नसेल. पण कोणत्या घासावर कोणाचा हक्क आहे हे तिला पाठ होतं.

इथवर सांगून थांबलो तर वाचायला गोड वाटेल. पण ते अर्धंच होईल. त्या वाटणीत एक वाटा माणसांचा होता. संध्याकाळी महारवाड्यातलं कोणी तरी दारोदार भाकरी मागायला यायचं. ती बलुत्यातली भाकरी, गावकीच्या कामाचा मोबदला म्हणून द्यायची, आणि तरी ती शिळी असायची, उरलेली असायची आणि वरून टाकलेली असायची. ज्या मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात पंचसूना येते, त्याच अध्यायात थोडं पुढे भुईवर घास कोणासाठी ठेवायचा त्याची यादी आहे. कुत्री, कावळे, किडे, आणि त्यांच्याच ओळीत पतित ठरवलेली, अंत्यज ठरवलेली, रोगी माणसं. ही ओळ वाचली की पहिल्या विचाराचं मोठेपण माझ्या घशात अडकतं. बाबासाहेबांनी महाडला तो ग्रंथ जाळला तो २५ डिसेंबर १९२७ रोजी, आणि भाकरी मागणं सोडा असं ते आपल्या माणसांना कळकळीनं सांगत राहिले. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या गावातल्या महारवाड्यानंही ते मागणं बंद केलं. मी तेव्हा पोरगा होतो. घरात पहिल्यांदाच शिळ्या भाकरी उरू लागल्या. आजी कुरकुरली, "आता ह्या भाकरीचं करायचं काय?" वडील म्हणाले, "कमी थापायच्या."

एवढंच म्हणाले आणि जेवत राहिले. पुढे मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, काही केलीही, पण उरलेल्या अन्नाबद्दल यापेक्षा खरं वाक्य मला भेटलेलं नाही. आमच्या घरात पुष्कळ वर्षं जादा भाकरी थापली जात होती, कारण ती खपवायला माणसं होती. उरलेलं द्यायला कोणी तरी हवं म्हणून कोणाला तरी गरीब ठेवणं, ही दानाची रीत नव्हे. माणसाला द्यायचं तर ताजं द्यावं, आधी द्यावं, शेजारी बसवून द्यावं. पैठणला नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला, वासानं बाहेरून जाणाऱ्या अस्पृश्य कुटुंबाची पोरं थबकली, तेव्हा नाथांनी ब्राह्मणांसाठी केलेलं ते सगळं अन्न आधी त्यांना वाढलं, अशी कथा आपण सांगतो. नाथांनी उरलेलं दिलं नाही, म्हणूनच गावानं त्यांना वाळीत टाकलं. उरलेलं दिलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती.

हे मनात आलं आणि 'शेष' या कल्पनेकडे मी वेगळ्या बाजूनं पाहू लागलो. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात उच्छिष्टावर एक अख्खं सूक्त आहे. यज्ञात अर्पण करून जे उरतं, त्याच्या आधारावर नाम आणि रूप, आकाश आणि पृथ्वी, पाणी, समुद्र, चंद्र, वारा, सगळं उभं आहे असं तो ऋषी म्हणतो. पहिल्यांदा वाचताना मी चक्रावलो होतो. आपल्याकडे उष्टं म्हणजे विटाळ, आणि इथे तर उष्ट्यावर ब्रह्मांड! मग गीतेच्या तिसऱ्या अध्यायाशी ते जोडून पाहिलं तेव्हा उलगडलं. तिथेही देऊन उरलेलं खाणारा मोकळा होतो आणि फक्त स्वतःसाठी शिजवणारा पाप खातो. ज्ञानदेवांनी तिथेच थांबून, अन्न ही किरकोळ गोष्ट नाही, सारं विश्व त्याच्यावर जगतं म्हणून त्याच्याकडे ब्रह्म म्हणून पाहा, असं समजावलं आहे. म्हणजे मूळ क्रम असा होता की आधी द्यायचं आणि मग उरेल ते आपण खायचं. जगाचा वाटा पहिला, आपला वाटा म्हणजे शेष. आपण तो क्रम फिरवला. आता आपण आधी जेवतो आणि आपलं उरलेलं जगाला देतो, नाही तर फेकतो. सिंकखालचं यंत्र या फिरवलेल्या क्रमाच्या अगदी शेवटी बसलेलं आहे. क्रम त्यानं फिरवलेला नाही, म्हणून मी त्याला पापी म्हणणार नाही.

पण सुनेचा प्रश्न थबकण्याचा होता. मीमांसक यज्ञाची तीन अंगं सांगतात: द्रव्य, देवता आणि त्याग. काय द्यायचं, कोणाला द्यायचं, आणि हे आता माझं नाही असं म्हणून त्यावरचा हक्क सोडायचा. यंत्राचं बटण दाबताना द्रव्य आहे. हक्क तर आपण कधीच सोडलेला असतो, ताट सरकवलं तेव्हाच. नाही ती देवता. घेणारा कोण, हे ठाऊक नाही. टाकणं आणि देणं यांत हातून होणारी क्रिया तीच असते, फरक पडतो तो समोर कोणी आहे की नाही यानं. सुनेचा हात पिशवीपाशी थबकायचा, कारण पिशवी निदान तिच्या दारातून कुठे तरी जाताना दिसत होती. यंत्रापुढे उभं राहिलं की पलीकडे कोणी असेल असं वाटतच नाही.

म्हणून मी मुलाला विचारलं, हे पाणी पुढे जातं कुठे? त्याला सांगता येईना. मग आम्ही बसून शोधलं. या भागातलं मैलापाणी मिलवॉकीच्या बंदरातल्या जोन्स आयलंडवरच्या आणि दक्षिणेच्या ओक क्रीकमधल्या अशा दोन केंद्रांकडे जातं. एकदा होन पुलावरून जाताना मुलानं खाली जोन्स आयलंडच्या टाक्या दाखवल्या. तिथे मैलापाण्यात हवा सोडतात आणि त्यात सूक्ष्म जीव वाढवतात. ते जीव पाण्यातलं सगळं सेंद्रिय खातात, आपलं दळलेलं खरकटंही. मग ते जड होऊन तळाशी बसतात, त्यांचा काही भाग पुढच्या पाण्यासाठी राखतात आणि उरलेला भट्टीत वाळवून त्याच्या तपकिरी गोळ्या करतात. १९२६ पासून ते खत 'मिलॉर्गनाइट' या नावानं विकलं जातं. पिशवीवर ६-४-० असे आकडे असतात, म्हणजे नायट्रोजन सहा टक्के, फॉस्फेट चार, पालाश नाही. हे वाचलं आणि मी मुलाच्या गॅरेजमध्ये गेलो. कोपऱ्यात तीच पिशवी उभी होती. हिरवळीवर टाकायला त्यानं ती आणून ठेवली होती.

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. म्हणजे उकिरडा आहे. घरापासून दूर आहे, सरोवराच्या काठी आहे, यंत्रांनी चालतो, पण आहे. खाणारेही आहेत. त्या भुईवरच्या घासाच्या यादीतली माणसं मी वगळली, कृमी मात्र राहिले, आणि इथे त्यांच्यासाठी मोठाल्या टाक्या बांधलेल्या आहेत. त्यांना घास पोचतो.

मग भूतयज्ञ झाला का? जीवाला अन्न पोचलं म्हणजे त्याचं पोट भरलं, हे निर्विवाद. नामदेवांच्या पोळीवर कुत्र्यानं झडप घातली तेव्हा कुत्रं तसंही जेवलंच असतं. नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, त्यामुळे कुत्र्याच्या पोटात चार थेंब जास्त गेले असतील. पण त्या धावण्यानं नामदेवांना समोर कोण आहे ते कळलं. देणं फेडायचं असेल तर सावकार कोण हे देणेकऱ्याला ठाऊक असावं लागतं. परस्पर कोणी भरलं तर हिशेब मिटेल, माणूस बदलणार नाही. माझं उत्तर असं आहे की यंत्रामुळे भूतांचा वाटा बुडत नाही, आपली ओळख बुडते. आणि ओळख शोधून परत मिळवता येते.

सुनेला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग आबा, नियम ठरवू या." तिनं ठरवले, मी फक्त फिटरच्या बाजूनं भर घातली. शेवग्याच्या शेंगांच्या काड्या, अळूच्या देठांचे दोर, मक्याची सालं, नारळाच्या शेंड्या यांतलं काही यंत्रात घालायचं नाही, ते दोर तबकडीला गुंडाळतात. तेल-तूप नाही, ते पुढच्या पाइपात गोठतं. भात तर नाहीच, तो पाण्यात फुगून वाकणात बसतो. म्हणजे ज्या वरणभातावरून हे सुरू झालं तो यंत्रालाही नको आहे! तो नातीनं कमी वाढून घ्यायचा, ही गोष्ट तिच्या आईनं तिला सांगितली आणि तिला ती पटली. मागच्या अंगणात एक लाकडी पेटी केली, सालं-देठं तिच्यात जातात. यंत्रासाठी राहतं ते ताटं विसळताना निघणारं थोडंसं. गार पाणी सोडून ते दळायचं, आणि माण तालुक्यातल्या माणसाला ते वाहतं पाणी पाहवत नाही म्हणून मी नळापाशी उभा राहत नाही. यंत्र अडकलं तर बुडाच्या मधल्या भोकात पाव इंची ॲलन की घालून मागे-पुढे फिरवायची, मग खालचं लाल बटण दाबायचं, हे नातीला शिकवून ठेवलं आहे.

आता पुण्या-मुंबईच्या नव्या सदनिकांतही ही यंत्रं दिसू लागली आहेत, म्हणून आपल्याकडच्या वाचकांना एक सांगणं आहे. नळीच्या दुसऱ्या टोकाला खाणारं कोणी असेल तिथे हे यंत्र बसवायला माझी हरकत नाही. आपल्याकडे पुष्कळ गावांत मैलापाणी प्रक्रिया न होताच ओढ्यात आणि नदीत जातं. तिथे हे यंत्र बसवणं म्हणजे आपलं खरकटं नदीच्या पदरात टाकणं, आणि नदी आधीच पुष्कळ सोसते आहे. यंत्र घेण्याआधी नगरपालिकेच्या मलनिस्सारण विभागात जाऊन विचारा, आमच्या वॉर्डाचं पाणी कुठल्या केंद्रात जातं आणि ते केंद्र चालू आहे का. सरळ उत्तर मिळालं नाही तर ओल्या कचऱ्याची बादली वेगळी ठेवा, खताचा खड्डा नाही तर कुंडी करा, आणि भाकरी कमी थापा.